पाठकोरे कागद

यंदा आमच्या सूनबाईंना इस्त्री करताना पुटपुटायची खोड लागली. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. डोळे भिंतीवर खिळ्याला टोचलेल्या कागदावर आणि हात परक्या माणसाच्या शर्टावर. मी समोर येऊन उभी राहिले तरी तिला पत्ता नसायचा. एकदा तर चांगल्या कॉलरवर दोन घड्या पाडून ठेवल्या. मी बोट ठेवून दाखवलं तर म्हणाली, "हो का आई, करते नीट." झालं, एवढंच. जीभ चावणं नाही, 'लक्ष नव्हतं' म्हणणं नाही. पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली आणि पुन्हा पुटपुट सुरू.

तीन दिवस मी कानाडोळा केला. चौथ्या दिवशी नातीला बाजूला घेतलं.

"भिंगरे, तुझ्या आईला काय झालंय?"

"इंग्रजी झालंय," ती म्हणाली.

नात आमची बारावीला. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. तिच्याकडून कळलं ते असं, की सूनबाईंनी कुणाला न विचारता बारावीच्या इंग्रजीचा फॉर्म बाहेरून भरला होता. म्हणजे मायलेकी एकाच दिवशी एकाच पेपरला बसणार. मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात देखरेखीची जागा निघणार होती, बारावी पास पाहिजे अशी अट होती, आणि सूनबाईंचं घोडं त्या एका विषयापाशी अडलं होतं.

ते अडलं होतं हे मला नवीन नव्हतं. लग्न ठरवायला बसलो तेव्हाच तिचे वडील म्हणाले होते, "बाकी सगळे विषय सुटलेत, इंग्रजी तेवढं राहिलंय. देईल ती पुन्हा." मी म्हटलं होतं, "बघू." त्या बिचाऱ्यांना माझ्या 'बघू'चा अर्थ ठाऊक नव्हता. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझा मुलगा म्हणतो, आईनं 'बघू' म्हटलं की त्या गोष्टीला खळ घालून वाळत टाकायचं. तसं तिचं इंग्रजी वीस वर्षं माझ्या दोरीवर वाळत पडलं होतं.

पण खरं सांगायचं तर मला फॉर्मचं काही वाटलं नाही. माझ्या पोटात दुखलं ते दुसऱ्याच कारणानं.

दुपारी चार ते सहा ही माझी वेळ होती. शाळेतून आली की भिंगरी दुकानात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची, दोऱ्याची रिळं रंगवार लावायची आणि शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगायची. आमच्या लाँड्रीत कपड्यावर नंबर घालत नाहीत. मी चौथीत शाळा सोडली, मला आकड्यांपेक्षा रंग बरे कळतात. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतल्या शिवणीत एक टाका, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. गिऱ्हाइकांची नावंसुद्धा आम्ही कपड्यांवरून ठेवतो. पांढरे सहा, पट्टेवाली बाई, चेक्सवाले सर. ही सगळी विद्या भिंगरीला मी दिली होती. त्या बदल्यात कुठल्या बाईंनी कुणाला वर्गाबाहेर काढलं, कोण कुणाशी बोलत नाही, हे घरात सगळ्यात आधी मला कळायचं.

आता ती वेळ आईची झाली. मायलेकी आतल्या खोलीत पुस्तक मध्ये ठेवून बसायच्या. दार लोटलेलं. आतून हसण्याचे आवाज. इंग्रजीत एवढं हसण्यासारखं काय असतं, देव जाणे. मी काहीतरी निमित्त काढून आत गेले की दोघी गप्प व्हायच्या आणि पाहुण्या बाईकडे बघतात तशा माझ्याकडे बघायच्या.

"काही हवंय का आजी?"

माझ्याच घरात, मला.

लोक म्हणतील, सुनेचा कसला हेवा करायचा. करून बघा एकदा, म्हणजे कळेल.

शर्टाची घडी घालताना पाठीत एक ताठ कागद घालायची आमची पद्धत आहे, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची. कागद नसला तर गिऱ्हाइकाच्या हातात शर्ट पोक काढून बसतो. हे कागद छापखान्यातून येतात, पाठकोरे. एका बाजूला काहीतरी चुकून छापलेलं, दुसरी बाजू कोरी. सूनबाई अभ्यासाला त्यातलेच घेत होती. कोऱ्या बाजूवर निबंध लिहायची आणि इस्त्रीच्या वरच्या फळीवर रचून ठेवायची. बारा कागद झाले होते. मी मोजले होते.

एका दुपारी दोघी आत खिदळत होत्या आणि मी बाहेर घड्या घालत होते. नव्या कागदांचा गठ्ठा माझ्या हाताशीच होता, हे लपवत नाही. तरी मी स्टुलावर चढले, फळीवरचे बारा कागद खाली काढले आणि बारा शर्टांच्या पाठीत एकेक सारला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण सुनेचं अक्षर कळतं. उजवीकडे झुकलेलं, कुठेतरी पळायला निघाल्यासारखं. मुलगा आला, गठ्ठे स्कूटरला बांधले आणि पोचवायला गेला.

संध्याकाळी तिनं फळी चाचपली.

"आई, इथे माझे कागद होते."

"पाठकोरे ना? शर्टात गेले."

"सगळे?"

"कागद दुकानाचेच होते गं. त्यावर काय लिहिलंय ते मला काय कळणार. अडाणी बाई मी."

'अडाणी बाई मी' हे वाक्य मी जपून वापरते, कारण त्याला धार फार. सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तिनं मूग गिळले आणि इस्त्री उचलली.

जेवताना मुलगा म्हणाला, "आई, आज बारा घरांत इंग्रजी पोचवलंस. आता लोक शर्ट घालायच्या आधी वाचतील."

"तू आधी स्वतःचा शर्ट आत खोच," मी म्हटलं.

चार दिवस गेले. सूनबाईंनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं होतं. आता लिहिलेले कागद ती कपाटात ठेवत होती, कुलूप लावून. मी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

आमच्याकडे आलेल्या कपड्यांचे खिसे तपासायचा मान माझा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. खिशातून काय काय निघतं म्हणून सांगू. अंगठ्या, चाव्या, रागानं फाडलेल्या चिठ्ठ्या, एकदा तर दातांची कवळी. जे निघेल ते पाकिटात घालून ज्याचं त्याला. यात मी आजवर इकडचं तिकडे होऊ दिलेलं नाही. त्या दिवशी चेक्सवाल्या सरांचे कपडे आले होते. पलीकडच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, निवृत्त मास्तर. शाळेत होते तेव्हा त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली लाल शाईचा डाग असायचा. मीठ आणि लिंबू चोळून ते डाग काढण्यात माझी नखं झिजली. ते निवृत्त झाले आणि डागही निवृत्त झाले. आणि आता त्यांचा निळ्या चेक्सचा शर्ट हातात घेतला तर खिशाखाली लाल डाग. ताजा.

खिशात घडी केलेला कागद होता. उलगडला. सूनबाईचं पळकं अक्षर, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत लाल रेघोट्या. जागोजाग गोल, जागोजाग फुल्या, शेवटी तीन ओळी नुसत्या लाल.

लाल म्हणजे नापास, एवढं चौथीपर्यंतच्या शाळेत मलाही शिकवलं होतं. मला जो आनंद झाला तो काय सांगू. चहाची वेळ होईपर्यंत मी दम धरला. सगळे जमले तेव्हा कागद तिच्या कपाशेजारी ठेवला.

"घ्या. आता गिऱ्हाइकंसुद्धा नापास करायला लागली. पुरे करा हे."

तिनं उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता स्टुलावर बसली. डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, बरं झालं, एकदाचं सुटलं. तर बाई हसायला लागली.

"आई, त्यांनी सगळं तपासून दिलंय."

"तपासलंय म्हणजे नापासच केलंय ना?"

भिंगरीनं कागद ओढून घेतला आणि खालच्या तीन ओळी मराठीत करून सांगितल्या. "ज्या कुणा बाळानं हे लिहिलं असेल त्याला: विचार तुझे चांगले आहेत, क्रियापदं उनाड आहेत. त्यांना शिस्त लाव, आणि पुन्हा लिहून याच वाटेनं पाठव."

"बाळा," मुलगा बायकोला म्हणाला, "शिस्त लाव."

सगळे हसले. मी चहा संपवला. चाळिशीच्या बाईला बाळ. मला कधी कुणी असं म्हटलेलं आठवत नाही. चौथीनंतर माझं काही कुणी तपासलंच नाही. मी केलेलं काम लोक अंगावर चढवतात आणि निघून जातात. चूक असली तरच परत येतात. आणि हिची चूक कुणीतरी एक पानभर शाई खर्च करून, समजावून, घडी करून खिशात घालून पाठवली होती. पोचवली कुणी, तर मीच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

त्या दिवसापासून माझं दुकान टपाल कचेरी झालं. चेक्सचे शर्ट आता सूनबाई स्वतः घडी घालायची, पाठीत स्वतःचा कागद. चार दिवसांनी तो लाल होऊन मळक्या शर्टाच्या खिशातून परत यायचा. आणि दर खेपेला खिशाखाली डाग. शिकायचं सुनेनं, शिकवायचं मास्तरांनी, आणि लिंबू मी चोळायचं.

मुलगा बातम्या आणायचा. "पूर्वी गठ्ठा घेऊन दार लावून टाकायचे. आता जिन्यात येऊन उभे राहतात. आधी शर्टाची पाठ चाचपतात, मग माझ्याकडे बघतात."

"तू सांगितलंस का कोण लिहितंय ते?"

"मी कशाला सांगू. परवा म्हणाले, मुलगा मेहनती दिसतो, घरचे काय करतात? मी म्हटलं, इस्त्री."

एक झालं. भिंगरी पुन्हा दुकानात येऊन बसायला लागली. ज्या दिवशी चेक्सचा गठ्ठा येणार त्या दिवशी बरोबर चारला स्टुलावर हजर. पहिल्यांदा मी भोळेपणानं रिळांचा डबा पुढे केला.

"आजी, निघाला का?"

"काय?"

"कागद गं."

डबा मी परत फळीखाली ढकलला. मी खिशात हात घातला की दोघी मायलेकी श्वास रोखून माझ्या हाताकडे बघायच्या. हाताकडे. वर तोंड आहे, त्या तोंडाला काही वाटत असेल, हे दोघींच्या गावीही नव्हतं. कागद हाती पडला की भुर्रकन आत. दार लोटलं जायचं.

पेपर बुधवारी होता. सूनबाईंनी मला तारीख सांगितली नाही, सुट्टी मागितली नाही. मला ती भिंगरीच्या कॅलेंडरवरच्या गोलावरून कळली. मी वाट बघत राहिले. हिला एकदा मागू तर दे, मग बघू, असं मनाशी धरलं. मागितलं असतं तर मी दिलं असतं का? तेव्हा दिलं नसतं. पण निदान तिनं मागितलं आणि मी नाही म्हटलं, एवढं तरी माझ्या हातात राहिलं असतं. ही बाई मला नाही म्हणायचीसुद्धा संधी देईना.

अशात हॉटेलचा माणूस आला. ऐंशी टेबलक्लॉथ, कडक खळ, मंगळवारी संध्याकाळी आणून टाकतो, बुधवारी दुपारी चारला पाहिजेत. मला नाही म्हणता आलं असतं. एक दिवस पुढे ढकला म्हटलं असतं तरी तो थांबला असता, जुनं गिऱ्हाईक आहे.

"बुधवारी चारला तयार असतील," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच.

मागे इस्त्री थांबली. मग पुन्हा फिरायला लागली. पण त्या दिवसापासून पुटपुट बंद झाली. मला हवं होतं ते झालं, तरी दुकान काही बरं वाटेना. घड्याळ बंद पडलं की भिंतीकडे लक्ष जातं, तसं.

शनिवारी चेक्सचा गठ्ठा आला तेव्हा मायलेकी हॉल तिकीट आणायला गेल्या होत्या. मी खिसा पाहिला. कागद होता. या वेळी घडी उलगडली नाही, तसाच कमरेच्या पिशवीत टाकला.

संध्याकाळी सूनबाईंनी विचारलं, "आई, सरांच्या खिशात काही होतं का?"

"रुमाल," मी म्हटलं.

इतकी वर्षं खिसे तपासतेय. खिशातल्या वस्तूबद्दल मी पहिल्यांदा खोटं बोलले. ती मान हलवून आत गेली. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. त्याचाही मला राग आला.

रविवार तसाच गेला. कागद कमरेला टोचत राहिला. सोमवारी सकाळी भिंगरीची वेणी घालायला बसले. एक पेड पक्का हातात धरला, म्हणजे पळायची सोय नाही, आणि कागद तिच्या मांडीवर टाकला.

"वाच. एकेक ओळ. मराठीत."

तिनं बघितलं आणि कागद पालथा केला.

"आजी, हे आईचं आहे."

"मला माहीत आहे कुणाचं आहे. वाच."

"तक्रारीचं पत्र आहे. परीक्षेला येतं तसं. सरांनी लिहायला सांगितलं होतं."

"कुणाची तक्रार?"

पेड माझ्या हातात होता, म्हणून तिनं वाचलं. अडखळत, एकेक ओळ.

"माननीय मालकीणबाई. मी आपल्या लाँड्रीत वीस वर्षं काम करते. मागच्या महिन्यात माझे बारा कागद आपल्या दुकानात गेले. त्यावर माझे निबंध होते. नवे कागद शेजारीच ठेवलेले होते. मी कुणाला काही बोलले नाही. येत्या बुधवारी माझी परीक्षा आहे, आणि त्याच दिवसासाठी ऐंशी टेबलक्लॉथ घेतले आहेत. परीक्षेची तारीख आपल्याला माहीत होती, असं मला वाटतं. आपली नम्र."

खाली नाव नव्हतं.

"आणि लाल?" मी विचारलं.

"लाल कमी आहे या वेळी. क्रियापदं सगळी बरोबर." भिंगरीनं कागद तिरका केला. "कडेला लिहिलंय, मालकीणबाईंचं पात्र चांगलं जमलं आहे."

"पुढे."

"खाली लिहिलंय, बाळा, तक्रार नीट मांडलीस, पण पत्र अपुरं आहे. शेवटी आपल्याला काय हवं ते लिहावं लागतं. ते नाही म्हणून दोन गुण कापले. मागितल्याशिवाय समोरच्यानं द्यायचं तरी काय?"

मी वेणी पुरी केली. भिंगरी म्हणाली की फार घट्ट झाली. मी म्हटलं, सैल होते आपोआप.

राग तर आलाच. पलीकडच्या गल्लीत बसलेल्या माणसासमोर माझी धुणी धुतली होती, तीही परक्या भाषेत. पण खोटं एक अक्षर नव्हतं. नवे कागद शेजारी होते, हे तिनं तेव्हाच पाहिलं होतं. पाहून इस्त्री उचलली होती. मी मात्र इतके दिवस समजत होते की माझी चलाखी मला एकटीला ठाऊक.

कागद खळीच्या पातेल्यात टाकला असता तर संपलं असतं. एकदा हात गेलाही होता. पण ते 'अपुरं' माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या दुकानातून गेलेल्या वस्तूला आजवर कुणी अपुरं म्हटलेलं नाही. बटण तुटलेलं आलं तर आम्ही लावून देतो. आणि आमच्या शर्टाच्या पाठीतून गेलेल्या कागदाचे दोन गुण कापले गेले.

दुकानात गेले. सूनबाई बाहीला इस्त्री करत होती. तिच्या इस्त्रीच्या वाटेत मी तो कागद ठेवला.

"शनिवारी निघाला होता. रुमाल नव्हता."

तिनं कागद बघितला, मग भिंगरीची घट्ट वेणी बघितली, आणि तिचे कान तांबडे झाले.

"तुम्ही वाचून घेतलंत."

"घेतलं. मालकीणबाई चांगल्या जमल्यात म्हणतात."

"सरावासाठी लिहिलं होतं, आई."

"सराव अपुरा आहे. बाकीचं पुरं कर."

"आता कशाला."

"पुरं कर म्हटलं ना. शेवटी काय हवं ते सांगायचं असतं."

"मला काय हवंय ते तुम्हाला माहीत आहे."

"मला वीस वर्षं माहीत आहे. माहीत असून काय उजेड पडला? माग."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. ओठ हलले, आवाज नाही.

"ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"बुधवारी मी इस्त्रीला नसेन." आवाज कापत होता, पण होता. "टेबलक्लॉथ तुम्ही घेतलेत, ते तुम्ही करा. आणि माझे कागद मला परत पाहिजेत."

"कागद कुठून आणू? ते लोकांच्या घरी पडलेत."

"ते मला माहीत नाही. मागणी लिहा म्हणाले. मी केली."

मुलगा दारात गठ्ठा घेऊन उभा होता. तो तसाच गठ्ठ्यासकट मागे सरकला.

मंगळवारी मी चपला घातल्या. मुलाला पाठवता आलं असतं, पण त्यानं अकरा घरी अकरा विनोद केले असते. एक कागद सरांकडून आलाच होता, राहिले अकरा. कित्येक वर्षांत मी कुणाच्या दारात गेले नव्हते, लोक माझ्या दारात येतात. जिने चढले. प्रत्येक दारात तेच सांगितलं, मागे शर्टात एक लिहिलेला कागद चुकून आला होता, आहे का? पांढऱ्या सहांनी खणातून काढून दिला. एका घरी पोरानं त्यावर जहाज काढलं होतं, ते जहाजासकट दिलं. पट्टेवाली बाई म्हणाली, "किती सुरेख अक्षर हो. तुमच्या सुनेचं? भाग्यवान आहात." जिना उतरताना गुडघ्यांपेक्षा ते वाक्य जास्त दुखलं. अकरातले सात मिळाले. संध्याकाळी मी सरांकडून आलेला पहिला कागद भिंगरीकडून मागून घेतला, त्यांच्या वर ठेवला आणि आठही फळीवर रचले. काही बोलले नाही. तिनं मोजले आणि कपाटात ठेवले.

बुधवारी सकाळी दोघींचे कपडे मीच इस्त्री केले. सुनेच्या बाहीची कड अशी धरली की कागदानं कापावं. दोघी निघाल्या तेव्हा भिंगरी माझ्या पाया पडली, सूनबाई पडली, आणि दोघी पायऱ्या उतरताना एकमेकींना काहीतरी इंग्रजीत विचारत गेल्या. वळून बघितलं नाही. एवढं करून सवरून मला पुन्हा तेच झालं. पोटात, त्याच जागी.

मग मी आणि मुलगा टेबलक्लॉथना भिडलो. खळीचं कापड मोठं हट्टी, एका कोपऱ्याला समजावलं की दुसरा फुगतो. वीस वर्षं हे काम कुणाच्या खांद्यावर होतं ते माझ्या खांद्याला दहाव्या कापडापाशी कळलं. मुलगा म्हणाला, "आई, बघू म्हणायचं होतंस ना हॉटेलवाल्याला." मी पुढचं कापड त्याच्या अंगावर टाकलं.

अडीच वाजता दोघी आल्या. साठ झाले होते. सूनबाईंनी पेन आणि हॉल तिकीट फळीवर ठेवलं, नवऱ्याच्या हातातली इस्त्री घेतली आणि एकसष्टावं कापड पसरलं.

"कसा गेला?" मी विचारलं.

"बरा गेला."

"बरा म्हणजे आमच्याकडे कॉलर पिवळी राहिली की म्हणतात."

ती हसली. "तक्रारीचं पत्र नव्हतंच आलं, आई. नोकरीचा अर्ज होता."

"कुठल्या नोकरीचा?"

"कुठलीही धरा असं प्रश्नात होतं. मी धुलाईच्या देखरेखीची धरली."

"आणि अनुभव? कुणाच्या हाताखाली शिकलीस म्हणून लिहिलंस?"

"पेपरात नावं लिहायची नसतात, आई."

भिंगरी खो खो हसली आणि माझ्या टेबलक्लॉथच्या पलीकडून आईला काहीतरी इंग्रजीत विचारायला लागली. आई इंग्रजीत उत्तर देत होती, हळू, चाचपडत, पण देत होती. मी मध्ये उभी. मग भिंगरी हात धुवायला आत गेली, आणि सूनबाईंची नजर भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे गेली, आणि ओठ हलायला लागले. पेपर झाला तरी पुटपुट चालूच.

मी माझी इस्त्री उभी केली.

"सूनबाई, इकडे बघ. पास झालीस तर माझं दुकान सोडून जाशील, आणि नापास झालीस तर जन्मभर या टेबलक्लॉथांकडे बोट दाखवशील. दोन्हीकडून नुकसान माझंच, तेव्हा पासच हो. आणि हे पुटपुटणं मला दुकानात चालणार नाही. बोलायचं असेल ते मोठ्यानं बोल. मला कळलं नाही तरी चालेल, पण ऐकू आलं पाहिजे."